साठवलेलं रक्त : एका प्रबंधाची गोष्ट

आजचा विषय आहे एक प्रबंध. प्रबंध म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं आणि ग्रंथालयाच्या वरच्या फळीवरची धूळ. मार्गदर्शक, परीक्षक आणि लिहिणारा स्वतः, एवढे सोडले तर तो कुणी वाचत नाही अशी आपली समजूत असते, आणि बऱ्याच प्रबंधांच्या बाबतीत ती रास्तही असते. आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो प्रबंध न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला १९४० साली सादर झाला. नाव अगदी साधं : ‘बँक्ड ब्लड : अ स्टडी इन ब्लड प्रिझर्वेशन’. साठवलेलं रक्त, आणि ते टिकतं कसं याचा अभ्यास. लेखक चार्ल्स रिचर्ड ड्रू. वय छत्तीस, पेशाने सर्जन, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातले.

ड्रू यांच्याबद्दल कुठेही शोधलंत तर दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, रक्तपेढीचा शोध त्यांनी लावला. दुसरी, ज्याने जगाला रक्तपेढी दिली त्यालाच अपघातानंतर गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारलं आणि तो गेला. दोन्ही गोष्टी चटका लावणाऱ्या आहेत आणि दोन्ही खऱ्या नाहीत. माझी तक्रार नुसती खोटेपणाबद्दल नाही. या दोन कथांच्या गर्दीत त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते झाकलं गेलं, आणि जे केलं ते कथेपेक्षा जास्त मोलाचं होतं, असं मला वाटतं.

तर आधी थोडं मागे जाऊ. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०१ साली रक्तगट दाखवून दिले, हे शाळेत शिकवतात. पण एबी हा गट त्यांच्या त्या निबंधात नव्हता. तो पुढच्याच वर्षी डेकास्टेलो आणि स्टुर्ली या दोघांनी दाखवला, आणि स्टुर्ली हे लँडस्टायनर यांच्या हाताखाली शिकणारे. रक्ताच्या इतिहासात हे वारंवार दिसतं. गुरूचं नाव पाठ्यपुस्तकात जातं आणि शिष्याचं तळटीपेत.

गट कळले, तरी एक अडचण होतीच. रक्त शरीराबाहेर काढलं की काही मिनिटांत गोठतं. त्यामुळे दाता आणि रोगी शेजारी शेजारी झोपवायचे, एकाची धमनी दुसऱ्याच्या शिरेला जोडायची, हे सर्जनच्या हातचं नाजूक काम होतं. आणि किती रक्त गेलं ते मोजायचं कसं? दात्याचा चेहरा पांढरा पडायला लागला की थांबायचं, जवळजवळ असाच हिशेब. १९१४-१५ च्या सुमाराला बेल्जियम, अर्जेंटिना आणि न्यूयॉर्क इथे स्वतंत्रपणे ध्यानात आलं की सोडियम सायट्रेट घातलं तर रक्त गोठत नाही. सायट्रेट जास्त झालं तर रोग्याला बाधतं, म्हणून नेमकं किती घालायचं ते न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुइसोन यांनी ठरवलं : ०.२ टक्के. हा आकडा लहान दिसतो, पण दाता एका खोलीत आणि रोगी दुसऱ्या खोलीत असू शकतो, हे त्या आकड्यामुळे शक्य झालं.

दुसरी खोली शक्य झाली तर दुसरा दिवस का नाही? पहिल्या महायुद्धात ऑस्वाल्ड रॉबर्टसन या डॉक्टरने सायट्रेट आणि ग्लुकोज घातलेलं रक्त बर्फाच्या पेट्यांत ठेवून आघाडीजवळ नेलं. १९३० नंतर मॉस्कोत मृतदेहांचं रक्त साठवून वापरलं गेलं. स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनात दुरान-जोर्दा यांनी आणि माद्रिदमध्ये नॉर्मन बेथ्यून यांनी बाटलीतलं रक्त गाड्यांतून फिरवलं. बेथ्यून हे नाव आपल्याला परकं नाही. चीनमध्ये त्यांच्या नावाने जे शांतता रुग्णालय उभं राहिलं, त्याचे प्रमुख म्हणून आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस काम करत होते. हे बेथ्यून मुळात कॅनडाचे, आणि १९२८ पासून काही वर्षं मॉन्ट्रियलमध्ये सर्जन होते. त्याच साली त्याच शहरात ड्रू विद्यार्थी म्हणून आले. दोघांची भेट झाली वगैरे मी म्हणणार नाही. पण रक्ताबद्दलची चर्चा त्या काळात कुठल्या गावांत चालू होती ते यावरून कळतं.

आणि ‘ब्लड बँक’ हा शब्द? तो १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रूढ केला. पैशासारखं रक्त जमा करायचं आणि लागेल तेव्हा काढायचं, म्हणून बँक. ड्रू कोलंबियात पोचले १९३८ साली. म्हणजे शोधाचा प्रश्न तिथेच मिटला.

आता ड्रू कोण होते ते थोडक्यात. जन्म ३ जून १९०४, वॉशिंग्टन. वडील घरोघरी गालिचे बसवण्याचं काम करायचे, आई शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलेली. मुलगा खेळात इतका तरबेज की अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात खेळाच्या जोरावरच शिष्यवृत्ती मिळाली. पदवीनंतर दोन वर्षं बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात खेळ-प्रशिक्षक आणि जीवशास्त्र-रसायनशास्त्राचे शिक्षक, असं दुहेरी काम करून वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवले. हॉवर्ड विद्यापीठाने इंग्रजीचे श्रेयांक कमी पडतात म्हणून प्रवेश नाकारला. हार्वर्डने पुढच्या वर्षी या म्हटलं. ते थांबले नाहीत, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले आणि १९३३ साली १३७ जणांच्या वर्गात दुसरे आले. मॅकगिलमध्ये जॉन बीटी नावाचे ब्रिटिश शिक्षक भेटले. शॉक आणि रक्तसंक्रमण याची गोडी त्यांनी लावली. हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

१९३५ पासून ड्रू हॉवर्डमध्ये शिकवू लागले. ज्या विद्यापीठाने विद्यार्थी म्हणून घेतलं नव्हतं, तिथेच. कृष्णवर्णीयांसाठीची ती मोठी संस्था. पण तिथे सर्जरीचं उच्च प्रशिक्षण द्यायला माणसं कमी होती, म्हणून रॉकफेलर यांच्या निधीतून एका तरुणाला बाहेर पाठवायचं ठरलं आणि ड्रू कोलंबियाला गेले. तिथल्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात सर्जरीचे प्रमुख होते अ‍ॅलन व्हिपल. आता अडचण बघा. सर्जरी शिकायची म्हणजे रोग्याला हात लावायला हवा, आणि गोऱ्या रोग्यांना काळ्या डॉक्टरने तपासणं तेव्हा त्या रुग्णालयांना चालत नव्हतं. व्हिपल यांनी ड्रू यांना जॉन स्कडर यांच्याकडे धाडलं. स्कडर रक्तातलं रसायन आणि शॉक यावर काम करत होते. थोडक्यात, रोग्यापासून दूर, प्रयोगशाळेत.

कोलंबिया म्हटलं की आपल्याकडे साहजिकच बाबासाहेब आंबेडकर आठवतात. ते १९१३ ते १९१६ तिथे होते. तिथल्या वर्गांत आपल्याला बरोबरीची वागणूक मिळाली, असं बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे. ड्रू यांचा अनुभव त्यांच्या स्वतःच्या देशात, त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात, वेगळा होता. वर्गात शेजारी बसणं आणि रोग्याच्या अंगाला हात लावणं यात समाज फरक करतो. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

तर प्रयोगशाळा. स्कडर आणि ड्रू यांच्यासमोरचा प्रश्न असा होता : बाटलीत ठेवलेल्या रक्ताचं होतं काय? ते ‘खराब’ होतं असं सगळे म्हणायचे. पण खराब म्हणजे नेमकं काय, आणि कुठल्या दिवशी? तोपर्यंत साधी खूण होती ती रंगाची. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर रक्तद्रव राहतो, ज्याला आपण प्लाझ्मा म्हणतो. पेशी फुटल्या की तो वरचा द्रव लालसर होतो. लालसर दिसलं की फेकून द्या. म्हणजे डोळ्याला दिसेपर्यंत थांबायचं.

त्यांनी मोजलं ते पोटॅशियम. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेरच्या द्रवाच्या कितीतरी पट, ढोबळमानाने वीस-पंचवीस पट धरा. हा फरक राखायला पेशीला सतत काम करावं लागतं. त्यासाठी पेशीच्या आवरणात जणू पंप असतो ही समज नंतरची, पण परिणाम त्यांना दिसत होता. थंडीत ठेवलेल्या रक्तात पोटॅशियम दिवसागणिक पेशीतून बाहेर झिरपतं, आणि हे पेशी फुटून द्रव लाल व्हायच्या आधीच सुरू होतं. वरून बाटली छान दिसते, आत मात्र बदल झालेला असतो. आणि रक्तद्रवात जास्त झालेलं पोटॅशियम हृदयाला घातक असतं. मग त्यांनी एकेक गोष्ट बदलून पाहिली. तापमान, भांड्याचा आकार, बाटली हलवली तर काय होतं, गोठू न देणारं द्रव्य कोणतं. बाटलीचा आकार हा विषय ऐकायला क्षुल्लक वाटतो ना? पण पेशी आणि द्रव यांची भेट जिथे होते ते पृष्ठ किती मोठं, यावर पुष्कळ काही अवलंबून. आजही नवजात बाळाला जास्त रक्त चढवायचं असेल तर डॉक्टर शक्यतो ताजी पिशवी मागतात, त्यामागे हेच पोटॅशियम आहे.

नुसत्या काचेच्या नळ्यांवर भागणार नव्हतं. म्हणून ऑगस्ट १९३९ मध्ये प्रेस्बिटेरियन रुग्णालयातच प्रायोगिक रक्तपेढी सुरू झाली. साठवलेलं रक्त खऱ्या रोग्यांना द्यायचं, प्रतिक्रिया नोंदवायच्या, किती दिवस जुनं रक्त होतं ते ताडून पाहायचं. म्हणजे रोग्यापासून दूर ठेवलेला माणूस रक्ताच्या बाटलीमागून पुन्हा रोग्यापाशी पोचला. त्याच वर्षी सप्टेंबरात ड्रू यांचं लेनोर रॉबिन्स यांच्याशी लग्न झालं. पुढे पहिली मुलगी झाली तिला घरात ‘बीबी’ म्हणायला लागले, ब्लड बँकची आद्याक्षरं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या घरात प्रबंध कसा सगळीकडे शिरतो ते ज्यांनी अनुभवलंय ते हसतील.

आता प्रबंधाकडे. दोनशेहून जास्त पानांचा हा मजकूर. त्यात रक्तसंक्रमणाचा इतिहास आहे, रशियापासून स्पेन आणि शिकागोपर्यंत कुणी काय केलं त्याचा आढावा आहे, साठवलेल्या रक्तातल्या बदलांचे स्वतःचे आणि इतरांचे निष्कर्ष आहेत, आणि पेढी चालवण्याचा अनुभव आहे. यात मूलभूत शोध असा एकही नाही. सायट्रेट दुसऱ्याचं, गट दुसऱ्याचे, पेढीची कल्पना आणि नाव दुसऱ्याचं, पोटॅशियमचं काम स्कडर यांच्याबरोबरचं. मग मी पाऊण तास कशासाठी घेतोय?

कारण १९३८ साली या विषयाचं ज्ञान आठ-दहा भाषांत आणि पंचवीस रुग्णालयांत विखुरलेलं होतं. एक जण सांगे रक्त आठवडाभर टिकतं, दुसरा म्हणे तीन आठवडे, तिसरा म्हणे साठवलेलं रक्त द्यायचंच नाही. कुणाचं तापमान वेगळं, कुणाचं सायट्रेटचं प्रमाण वेगळं, कुणी पेशी मोजल्या तर कुणी नुसता रंग पाहिला. ही सगळी माणसं प्रामाणिक होती. पण त्यांची उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून तपासता येत नव्हती. ड्रू यांनी ती तपासण्याजोगी केली. कुठल्या परिस्थितीत, किती दिवसांनी, काय बदलतं, आणि म्हणून पेढीत काय करायचं. आपल्याकडे रक्तसंक्रमणशास्त्रात एम. डी. करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, आणि ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न परीक्षक विचारतातच. ड्रू यांना तोच प्रश्न विचारला असता तर ते काय म्हणाले असते, याचं मला कुतूहल आहे. जून १९४० मध्ये त्यांना वैद्यकातली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. कोलंबियातून ही पदवी मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. पदवी घेऊन ते हॉवर्डला परतलेही.

पण तो जून १९४० होता. फ्रान्स पडत होता. ब्रिटनवर बॉम्ब पडणार हे दिसत होतं. बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्यांना, भाजलेल्यांना तातडीने लागतो तो रक्तद्रव. तो का, ते सांगतो. रक्तद्रवात तांबड्या पेशी नसतात, त्यामुळे गट जुळवण्याची कटकट फारशी उरत नाही, विशेषतः अनेक दात्यांचा द्रव एकत्र केला तर. तो जास्त टिकतो. आणि शॉकमध्ये रोग्याच्या रक्तवाहिन्यांतून जो द्रव कमी झालेला असतो, त्याची भरपाई होते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अमेरिकन रेडक्रॉसच्या साहाय्याने ‘ब्लड फॉर ब्रिटन’ ही मोहीम काढली. ती चालवणारी संस्था कोणती, तर ‘ब्लड ट्रान्सफ्यूजन बेटरमेंट असोसिएशन’. ही १९२९ साली निघाली ती न्यूयॉर्कमधल्या पैसे घेऊन रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांच्या कारभाराला शिस्त लावायला. आपल्याकडे धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी यायला १ जानेवारी १९९८ उजाडावा लागला, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. तेव्हा त्यांना नावं ठेवण्याआधी आपण थोडं थांबलेलं बरं.

मोहीम ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि लगेच गोंधळ दिसू लागला. प्रत्येक रुग्णालय आपल्या पद्धतीने रक्त घेतंय, आपल्या पद्धतीने द्रव वेगळा करतंय. एका बाटलीत जंतू शिरले आणि तो द्रव इतर बाटल्यांत मिसळला की सगळा घाणा वाया. आणि वाया गेला तर बरं, तो तसाच जहाजावर चढला तर? सप्टेंबरात ड्रू यांना हॉवर्डमधून रजा काढून वैद्यकीय पर्यवेक्षक म्हणून बोलावलं गेलं. त्याच सुमाराला लंडनहून त्यांना तार आली : वाळवलेल्या रक्तद्रवाच्या पाच हजार कुप्या ताबडतोब मिळतील का, आणि तीन-चार आठवड्यांनी आणखी तेवढ्याच? तार पाठवणारे होते जॉन बीटी. मॅकगिलचे तेच शिक्षक, आता ब्रिटनच्या युद्धकाळातल्या रक्तसेवेत. तेवढा वाळवलेला द्रव जगात तयार असेल तर ना! मोठ्या प्रमाणावर रक्तद्रव वाळवण्याची सोय अजून व्हायची होती. म्हणून पातळ द्रवच सलाइनमध्ये मिसळून पाठवायचा ठरला.

इथे प्रबंध कामाला आला. ड्रू यांनी सगळ्या रुग्णालयांना एकच पद्धत लावली. रक्त कसं घ्यायचं, द्रव कसा वेगळा करायचा, कुणी करायचा, किती वेळा जंतूंची तपासणी करायची. शेवटची तपासणी एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत, आणि तिथून शुद्ध ठरल्याशिवाय बाटली बंदरावर जाणार नाही. शिकवलेल्या माणसांशिवाय कुणी हात लावायचा नाही. जानेवारी १९४१ मध्ये मोहीम संपली तोवर १४,५५६ जणांनी रक्त दिलं होतं आणि पाच हजार लिटरहून जास्त द्रव ब्रिटनला गेला होता. त्यानंतर रेडक्रॉसने अमेरिकन सैन्यासाठी वाळवलेल्या रक्तद्रवाचा प्रायोगिक प्रकल्प न्यूयॉर्कमध्ये काढला. त्याचे सहायक संचालक ड्रू. गाडीतून गावोगाव जाऊन रक्त गोळा करण्याची पद्धत तिथे बसवली गेली. आज आपल्या गल्लीत गणपतीच्या मांडवाशेजारी रक्तसंकलनाची गाडी उभी असते, तिचा वंश तिथवर जातो.

एक गोष्ट मात्र लपवायला नको. अनेकांचा द्रव एकत्र करण्यात एक मोठा धोका होता. एका दात्याला कावीळ असेल तर ती त्या घाण्यातून अनेकांना होते. युद्धात पुढे तसं झालं, पुष्कळ सैनिकांना झालं. कावीळ पसरवणारे विषाणू तेव्हा कुणाला सापडले नव्हते आणि तपासणीही नव्हती. ड्रू यांची पद्धत जंतू पकडत होती, विषाणू नाही.

आता वर्णाचा भाग. कथा अशी सांगतात की रेडक्रॉसने काळ्यांचं रक्त वेगळं ठेवायचं ठरवलं म्हणून ड्रू यांनी संतापून राजीनामा दिला. तारखा बघा. ड्रू एप्रिल १९४१ मध्ये हॉवर्डला परतले, सर्जरीचं प्रमुखपद स्वीकारण्यासाठी. काळ्या दात्यांचं रक्त घेऊ नका, हे सैन्याने रेडक्रॉसला कळवलं ते त्याच वर्षी नोव्हेंबरात. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, लोक रांगा लावून रक्त द्यायला गेले, आणि कृष्णवर्णीयांना परत पाठवण्यात आलं. आरडाओरड झाली. मग जानेवारी १९४२ मध्ये ‘सवलत’ मिळाली : त्यांचं रक्त घेऊ, पण वेगळं ठेवू, वेगळी चिठ्ठी लावू.

यातलं सगळ्यात बोलकं कागदपत्र सैन्याच्या सर्जन जनरलचं आहे. १९४१ मध्येच त्यांनी लिहून दिलं की गोऱ्या-काळ्यांचं रक्त मिसळू नये याची कारणं जीवशास्त्राला पटणारी नाहीत, पण अमेरिकेत ती मानसिकदृष्ट्या महत्त्वाची समजली जातात. म्हणजे अज्ञान नव्हतं बरं का. माहीत होतं. आपण सहसा असं धरून चालतो की लोकांना विज्ञान कळलं की भेद जातो. इथे देशाच्या सैन्याचा सर्वोच्च वैद्यकीय अधिकारी म्हणतोय, कळलंय, तरीही चिठ्ठी लावा. आणि चिठ्ठी कशावर, तर प्रामुख्याने वाळवलेल्या रक्तद्रवावर, ज्यात एक पेशी उरलेली नसते आणि जो अनेकांचा एकत्र केलेला असतो.

कुणी म्हणेल, रक्तगटांचं प्रमाण तर वंशानुसार बदलतं ना? बदलतं. लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या पोलिश दांपत्याने पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या छावण्यांत वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांचे गट तपासले आणि १९१९ साली छापले. त्यात भारतीय सैनिकांमध्ये बी गट सगळ्यात जास्त निघाला. यावरून पुढे काहींनी वंशांची उतरंड लावायचा खटाटोप केला. पण त्याच तक्त्यात हेही आहे की सगळे गट सगळ्यांत आहेत, फक्त कमी-जास्त. ए गटाच्या गोऱ्या रोग्याला बी गटाचं गोरं रक्त मारू शकतं आणि ए गटाचं काळं रक्त वाचवतं. ड्रू यांचं म्हणणं एवढंच होतं आणि ते त्यांनी जाहीरपणे मांडलं. १९४४ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना स्पिंगार्न पदक दिलं तेव्हाही त्यांनी या धोरणावर टीका केली. ज्या पेढीची घडी त्यांनी बसवली, तिथे त्यांच्या स्वतःच्या रक्ताच्या बाटलीवर वेगळी चिठ्ठी लागली असती.

१९४१ नंतर ड्रू रक्ताच्या संशोधनात फारसे राहिले नाहीत, हे चरित्रकारांना कधी कधी खटकतं. मला नाही खटकत. फ्रीडमन्स रुग्णालयात आणि हॉवर्डमध्ये त्यांनी नऊ वर्षं एकच ध्यास घेतला, कृष्णवर्णीय सर्जन तयार करणं. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी अमेरिकन सर्जरी मंडळाच्या परीक्षेला बसवलं आणि ते पास होऊन दाखवू लागले. स्वतः त्या मंडळाचे परीक्षक झाले, कृष्णवर्णीयांतले पहिले. तरी अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं सदस्यत्व मिळेना, कारण ते स्थानिक संघटनेमार्फत मिळायचं आणि वॉशिंग्टनची संघटना काळ्यांना घेत नव्हती. १९४७ साली त्यांनी असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांना याबद्दल पत्र लिहिलं. सदस्यत्व त्यांना अखेरपर्यंत मिळालं नाही.

आणि अखेर लवकर आली. १ एप्रिल १९५०. अलाबामातल्या टस्कीगी इथे दरवर्षी मोफत वैद्यकीय शिबिर असायचं, तिकडे ते इतर तीन डॉक्टरांबरोबर मोटारीने निघाले होते. रात्रभर प्रवास, आदला दिवस कामाचा. सकाळी नॉर्थ कॅरोलायनात गाडी चालवताना त्यांना डुलकी लागली, गाडी उलटली. त्यांना बर्लिंग्टनच्या अ‍ॅलमन्स जनरल रुग्णालयात नेलं. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी शर्थ केली. छातीच्या इजा इतक्या भयंकर होत्या की उपयोग झाला नाही. वय पंचेचाळीस. बरोबरच्या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी पुढे पुन्हा पुन्हा सांगितलं की उपचारात कसूर झाली नव्हती. पण कथा पसरली होती. ‘मॅश’ या गाजलेल्या दूरदर्शन मालिकेतही ती आली, आणि मग ती कुणाला पुसता येणार?

स्पेन्सी लव्ह या इतिहासकार बाईंनी या कथेचा माग काढला आणि १९९६ साली ‘वन ब्लड’ हे पुस्तक लिहिलं. खोटी कथा खोडून त्या थांबल्या असत्या तर पुस्तक सामान्य झालं असतं. त्यांनी विचारलं, मग लोकांना ही कथा खरी का वाटली? आणि त्यांना दुसरा मृत्यू सापडला. त्याच वर्षी, डिसेंबर १९५० मध्ये, त्याच अ‍ॅलमन्स परगण्यात एका कृष्णवर्णीय कॉलेज विद्यार्थ्याचा मोटार अपघात झाला. महायुद्धात लढून आलेला तरुण. त्यालाही आधी त्याच अ‍ॅलमन्स जनरल रुग्णालयात नेलं. डोक्याला इजा होती म्हणून तिथून एका मोठ्या विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठवलं. तिथे काळ्यांसाठीच्या खाटा भरल्या होत्या. खाटा होत्या, पण त्या गोऱ्यांच्या. त्याला तिथून काळ्यांच्या रुग्णालयात हलवलं आणि पोचल्यावर थोड्याच वेळात तो गेला. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, ड्रू यांचं सगळ्यांना माहीत होतं. लोकांच्या आठवणीत दोन मृत्यू एक झाले. घटना खरी होती, माणूस दुसरा होता.

ड्रू गेले त्याच वर्षाच्या अखेरीला रेडक्रॉसने दात्याच्या वर्णाची नोंद सोडून दिली. काही दक्षिणी राज्यांनी मात्र नंतर उलट कायदेच केले, रक्ताच्या बाटलीवर वर्ण लिहायचा म्हणून. आर्कान्सामध्ये तो १९६९ पर्यंत राहिला, लुइझियानात १९७२ पर्यंत. तोवर साठवणुकीचं द्रावण बदललं होतं, रक्त एकवीस दिवस टिकत होतं, काचेच्या बाटलीच्या जागी प्लास्टिकची पिशवी येऊ लागली होती. प्रबंधातलं बरंचसं तपशिलाचं ज्ञान जुनं झालं होतं. चिठ्ठी तेवढी होती तिथेच होती.

इथे थांबतो. पोटॅशियमबद्दल की टस्कीगीच्या रस्त्याबद्दल, काहीही विचारा. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.